बाटली क्रमांक ५३-एन आणि आमच्या प्रदर्शनातला सहावा फलक

आमच्या कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावात नगरपालिकेचा जुना दवाखाना आहे. नवी इमारत झाल्यापासून त्याच्या पुढच्या दोन खोल्या बंद होत्या. त्या झाडूनपुसून तिथे आरोग्याच्या इतिहासाचं छोटं दालन उभं करायचं, असं आम्ही सहा-सात जणांनी ठरवलं आणि वर्षभराच्या खटपटीनंतर ते उभं राहिलं. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात माझं व्याख्यान होतं. एकूण आठ फलक, दोन काचेची कपाटं, दवाखान्याची जुनी नोंदवही, तराजू, औषधाच्या बरण्या. या सगळ्यावर मिळून जेवढं बोलणं झालं, त्याहून जास्त एका सहाव्या फलकावर झालं. १९०२मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात प्लेगच्या लसीच्या एका बाटलीतून टोचलेली १९ माणसं दगावली, त्या प्रकरणाचा हा फलक. तो ठेवायचा की काढून टाकायचा, यावर आमच्यातली जवळची माणसं महिनाभर एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. व्याख्यानाच्या दिवशी तर वादाचा मुद्दाच बदलला. आपापल्या गावात असं दालन करू पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे प्रकरण जसं घडलं तसं लिहून ठेवतो आहे.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे फलकांचा मजकूर लिहायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. दालनाचा मुख्य विषय प्लेग असणार, हे ठरलेलंच होतं. आमच्या भागात गाठीच्या तापाने गावं कशी ओस पडली, उंदीर पडायला लागले की माणसं घरं सोडून रानात झोपड्या घालून कशी राहायची, हे आमच्या पिढीने आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेलं आहे. पहिल्या फलकावर मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलेला प्लेग. दुसऱ्यावर फेब्रुवारी १८९७चा साथरोग कायदा. तिसऱ्यावर पुण्यातली घरझडती, रँड आणि २२ जून १८९७. चौथ्यावर सावित्रीबाई: पुण्याजवळच्या माळावरचा यशवंतरावांचा दवाखाना, मुंढव्याहून पाठीवर घेऊन आणलेलं आजारी मूल आणि १० मार्च १८९७. हे चार फलक लिहायला फार वेळ लागला नाही. पाचवा वाल्देमार हाफकिन यांचा आणि सहावा मुल्कोवालचा. खरं तर ही एकाच माणसाची कथा, पण सहाव्याला मी मुद्दाम वेगळी जागा दिली होती.

हाफकिन १८६०मध्ये ओडेसा इथे जन्मलेले, रशियन साम्राज्यातले ज्यू. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै १८९२मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३मध्ये ते कलकत्त्याला आले आणि कॉलऱ्याची टोचणी करत बंगाल, आसाम, उत्तर हिंदुस्थान फिरले. मुंबईत प्लेग आल्यावर ऑक्टोबर १८९६मध्ये त्यांना इकडे बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सरंजामावर त्यांनी काम सुरू केलं. मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवायचे होते. गाईचं किंवा डुकराचं मांस वापरलं तर इथली माणसं लस घेणार नाहीत, हे ध्यानात घेऊन त्यांनी बोकडाच्या मटणाचा अर्क वापरला. त्यावर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ झुंबरासारखी खाली लोंबत वाढायची. ती मग ६५ अंशांवर तासभर तापवून मारायची आणि वर थोडं कार्बोलिक ॲसिड हे जंतुनाशक घालायचं. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी या लसीचे १० घनसेंटिमीटर स्वतःला टोचून घेतले. लोकांना पुढे जी मात्रा दिली गेली तिच्या तिपटीहून ही जास्त होती. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी ज्यांनी टोचून घेतलं नव्हतं त्यांच्यात १२ जणांना प्लेग झाला आणि ६ जण दगावले. टोचून घेतलेल्यांत दोघांना झाला, दगावलं कोणीच नाही.

ही मटण-तुपाची हकिकत मी वर्गात अनेक वर्षं सांगत आलो आहे. लस तयार करणाऱ्याने आधी लस घेणाऱ्याच्या स्वयंपाकघराचा विचार केला, हे मुलांच्या पक्कं लक्षात राहतं. खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान तिसरे तेव्हा विशीच्या आसपासचे होते. त्यांनी हाफकिनना जागा दिली आणि आपल्या लोकांसमोर पुन्हा पुन्हा टोचून घेतलं. त्या समाजातल्या हजारो माणसांनी त्यांच्यामागोमाग दंड पुढे केले.

१० ऑगस्ट १८९९ रोजी ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलली. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी १८८२मध्ये याच वास्तूत कॉलऱ्याने वारल्या होत्या. त्यानंतर गव्हर्नरांनी हे घर सोडून मलबार हिल गाठली. त्याच भिंतींमध्ये आता लस भरून बाटल्या बंद होऊ लागल्या आणि देशभर जाऊ लागल्या.

मुल्कोवाल, ३० ऑक्टोबर १९०२

मुल्कोवाल हे पंजाबातल्या तेव्हाच्या गुजरात जिल्ह्यातलं गाव. हा भाग आज पाकिस्तानात आहे. १९०२च्या शरदात पंजाब सरकारने टोचणीची फार मोठी मोहीम काढली. एवढी लस जुन्या पद्धतीने वेळेत होईना, कारण मटणाच्या अर्कातली वाढ तयार व्हायला काही आठवडे लागायचे. म्हणून परळला आगरवर, म्हणजे जेलीसारख्या घट्ट माध्यमावर, जंतू वाढवण्याची जलद पद्धत सुरू झाली. या पद्धतीत कार्बोलिक ॲसिड वगळलं होतं आणि सगळी भिस्त उष्णतेवर होती. पाश्चर संस्थेतही अशीच रीत होती.

त्या दिवशी गावात १०७ जणांना टोचलं. लस वेगवेगळ्या बाटल्यांतून घेतली होती. त्यांतली एक ५३-एन. ती बाटली ज्या १९ जणांच्या वाट्याला आली, त्यांना आठवड्याभरानंतर धनुर्वाताची लक्षणं दिसू लागली. जबडा आवळला, मान ताठ झाली, झटके सुरू झाले. ते सर्वच्या सर्व १९ जण गेले. दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

धनुर्वाताचा जंतू ज्याने शिकवला किंवा शिकला आहे त्याला इथे लगेच दोन प्रश्न पडतात. हा जंतू मातीत आणि शेणात बीजाणूच्या, म्हणजे टणक कवचातल्या सुप्त रूपात वर्षानुवर्षं पडून असतो. साध्या उकळण्याने तो बीजाणू खात्रीने मरत नाही. त्याला हवा नको असते, म्हणजे बूच लावलेली पोषक द्रवाची बाटली त्याला मानवणारीच. मग तो बाटलीत शिरला कुठे? परळला भरताना की मुल्कोवालला उघडताना?

सरकारने आयोग नेमला. अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेनकिन्स. बाटली उघडण्याआधीच दूषित होती, असा त्यांचा निष्कर्ष. कार्बोलिक ॲसिड वगळल्याचा ठपका हाफकिनवर आला. त्यांना पदावरून दूर केलं गेलं आणि ते हिंदुस्थान सोडून गेले. पण आयोगासमोरच्याच साक्षींत एक वेगळी गोष्ट नोंदलेली होती. बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता, कार्बोलिकच्या पाण्यात नुसता घुसळून, त्यानेच ५३-एनचं बूच काढलं. टोचणाऱ्या डॉक्टरांनी बाटलीला वास नव्हता असं सांगितलं होतं. धनुर्वाताचा जंतू बाटलीत कित्येक दिवस वाढला असता तर उघडताच दुर्गंधी सुटली असती. शिवाय मुरलेलं विष टोचलं गेलं असतं तर लक्षणं दिसायला आठवडा लागला नसता. हा मुद्दा मला स्वतःला सर्वांत वजनदार वाटतो. सुईतून विष गेलं नाही, बीजाणू गेले. ते शरीरात रुजले आणि विष तिथे तयार झालं. त्याला लागणारा वेळ जखमेतून होणाऱ्या धनुर्वाताशी जुळतो.

लंडनच्या लिस्टर या वैद्यकीय संशोधन संस्थेचंही मत घेतलं गेलं. दूषितपणा बाटली उघडतानाच झाला असण्याचा संभव तिने मान्य केला, पण नक्की काही सांगता येत नाही असंही म्हटलं. हे सगळे कागद जाहीर व्हायला डिसेंबर १९०६ उजाडला. तोपर्यंत चार वर्षं गेली होती. पुढे रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण हाती घेतलं. हिवतापावरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालेलं होतं, त्यांच्या शब्दाला वजन होतं. जुलै १९०७मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये दहा नामांकित जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र छापून आलं. हाफकिनवरचा दोष सिद्ध होत नाही, उलट पुरावा त्याविरुद्ध आहे, असं त्यात म्हटलं होतं. नोव्हेंबर १९०७मध्ये ते दोषमुक्त झाले. पुन्हा हिंदुस्थानात आले, पण परळला नाही, कलकत्त्याला. १९१४ सालापर्यंत तिथे राहून ते युरोपला परतले आणि १९३०मध्ये लोझान इथे वारले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव १९२५मध्ये दिलं गेलं. तोवर तिथून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा गेल्या होत्या.

सहाव्या फलकाचा माझा पहिला मसुदा साधारण असाच होता. त्याचं शीर्षक मी ‘एका शास्त्रज्ञावरचा अन्याय’ असं दिलं होतं.

डॉक्टरांचा आक्षेप

आमच्या मंडळात एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी आहेत. तीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रांत काढलेला माणूस. गावात सगळे त्यांना नुसतं डॉक्टर म्हणतात. मसुदा वाचून त्यांनी तो माझ्यापुढे परत ठेवला.

“सर, तुम्ही मुलांना शिकवलंत. मी दारोदार फिरून टोचलंय. एका पोराला टोचल्यावर रात्री ताप आला की पुढच्या दोन वाड्यांत आम्हाला दारं उघडत नव्हते. पोलिओच्या वेळी ऐकलंय, २०२१ला ऐकलंय. तुम्ही भिंतीवर लिहिणार, लस टोचली आणि १९ माणसं मेली. लोक पहिली ओळ वाचतात आणि मोबाइलवर फोटो काढून पाठवतात. चिमटा, बीजाणू, लिस्टर संस्था, हे कोण वाचणार आहे?”

हा आक्षेप मी हलक्यात घेतला नाही. घेण्यासारखा नव्हताच. फलकाचा फोटो त्याच्या खालच्या अर्ध्याशिवाय फिरतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. मंडळातल्या आणखी दोघांचंही तेच म्हणणं होतं. पाचव्या फलकावर हाफकिनचं कार्य आहेच, सहावा नको, त्याजागी देवीच्या लसीचा लावू, असं एकाने सुचवलं.

माझं उत्तर तेव्हा दोन गोष्टींवर उभं होतं. पहिली मुंबईची. ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. इथे माणसांना मारून त्यांची मोमियाई, म्हणजे औषधासाठी शरीराचा अर्क, काढतात, अशी वदंता त्या काळी पसरलेली होती. आत नेलेला माणूस परत येत नाही, आत काय चालतं ते कोणी सांगत नाही. सांगणारं कोणी नसलं की माणसं उरलेली जागा आपल्या भीतीने भरून काढतात. दुसरी गोष्ट मुल्कोवालचीच. चौकशीचे कागद चार वर्षं जाहीर झाले नाहीत. त्या काळात पंजाबातल्या खेड्यांना एवढंच ठाऊक होतं की टोचलं आणि माणसं मेली. बाटलीचं आणि चिमट्याचं कोणी सांगितलं नव्हतं. १९०७ या एकाच वर्षात पंजाबात प्लेगने ६ लाखांहून जास्त माणसं गेली. या मृत्यूंचं खापर एका बाटलीवर फोडणं खरं होणार नाही, पिसवा आणि उंदीर तर होतेच. पण टोचणी घ्यायला पुढे येणाऱ्याला सांगायला सरकारजवळ खरं उत्तर होतं आणि ते कपाटात होतं.

मी म्हटलं, “डॉक्टर, हे प्रकरण कोणालाही फोनवर दोन मिनिटांत सापडतं. अर्धवट सापडतं. आपण पूर्ण सांगितलं नाही तर उद्या एखादा मुलगा इथेच उभा राहून म्हणेल, यांनी लपवलं.”

डॉक्टर म्हणाले, “लपवायचं नाही. पण सगळं भिंतीवर लावायचं असंही नाही.”

शेवटी असं ठरलं की व्याख्यानात हे प्रकरण पूर्ण सांगायचं, लोकांचं काय होतं ते पाहायचं आणि त्यावरून रात्री निर्णय घ्यायचा. फलक छापून तयार होता, कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवलेला. उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला.

इथे एक गोष्ट असं काही करणाऱ्यांना आग्रहाने सांगतो. व्याख्यान उद्घाटनाच्या दिवशी ठेवू नका, आदल्या दिवशी ठेवा. उद्घाटनाला नारळ, फीत, शाल, सत्कार, प्रमुख पाहुण्यांची पुढच्या कार्यक्रमाची घाई, यातून एकही फलक कोणी शांतपणे वाचत नाही. आदल्या संध्याकाळी ज्याने ऐकलेलं असतं तो दुसऱ्या दिवशी थेट आपल्या प्रश्नाकडे जातो. आणि व्याख्यान पाऊण तासात संपवा. मी संपवलं म्हणूनच पुढचं घडलं.

व्याख्यानाची संध्याकाळ

सत्तर-ऐंशी माणसं होती. निम्मी पन्नाशीच्या पुढची, मागच्या बाकांवर नर्सिंगच्या मुली, त्यांच्या शेजारी आशाताईंचा एक गट. मी बोलायला चांगला आहे असं लोक म्हणतात आणि त्या दिवशी विषय माझ्या जिव्हाळ्याचा होता. एका परदेशी माणसाने परक्या देशातल्या लोकांसाठी स्वतःच्या अंगावर लस घेतली आणि त्याच्याच कपाळी कलंक आला, हे मी मन लावून सांगितलं. फ्रान्समधल्या ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्यावरचा अन्याय त्याच काळातला. हाफकिनचं प्रकरण म्हणजे त्याचीच छोटी आवृत्ती, असं काही लेखकांनी म्हटलेलं आहे. तेही सांगितलं. चिमट्यापाशी आलो तेव्हा सभागृह अगदी शांत होतं.

प्रश्नांच्या वेळी पहिले दोन-तीन प्रश्न अपेक्षित होते. आता प्लेग होतो का, हाफकिनची लस आता का देत नाहीत. मग मागून एक बाई उठल्या. उपकेंद्रावर आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेल्या एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका, आमच्याकडे त्यांना सिस्टर म्हणतात. तालुक्यातल्या अर्ध्या तरुणांच्या दंडावर त्यांच्या हाताची टोचणी आहे.

“सर, तुम्ही बोलताना मी नावं मोजली. हाफकिन, ते आगाखान, न्यायाधीश, रॉस, डॉक्टर, तो मदतनीस. मदतनिसाचंसुद्धा नाव घेतलंत. त्या एकोणीस जणांतलं एकही नाव आलं नाही.”

मी काही बोलायच्या आत त्या पुढे म्हणाल्या, “आणि चिमटा पडला म्हणालात. हातातून पडतोच हो. माझ्याही पडलाय. उन्हात शंभर माणसं रांगेत, पोरं रडतायत, मागून साहेब ओरडतोय, हाताला घाम. पडल्यावर काय करायचं, तर तो बाजूला ठेवायचा आणि दुसरा घ्यायचा. त्याच्याकडे दुसरा चिमटा होता का?”

मी व्यासपीठावर गप्प उभा राहिलो. अन्याय कोणावर झाला, हे मी ठामपणे लिहिलं होतं. शीर्षकातच लिहिलं होतं. हाफकिनवरचा ठपका पुसला की प्रकरण मिटलं, असं मी गृहीत धरलं होतं. रॉस यांच्यासाठी ते तसं असेलही, कारण ते एका सहकाऱ्याच्या नावासाठी लढत होते. माझा फलक मात्र त्यांच्यासाठी नव्हता. मी जिथे उभा होतो तिथली माणसं टोचणारी होती किंवा टोचून घेणारी. आणि मी त्यांना असा मजकूर दिला होता, ज्यात टोचून घेणारे एका आकड्यात संपत होते आणि टोचणाऱ्यांतल्या सर्वांत खालच्या माणसाचं नाव ठळक छापलेलं होतं. वरचा सुटला आणि दोष खाली उतरला, असाच त्या मांडणीचा अर्थ होत होता. वीस वर्षं हे प्रकरण शिकवूनही तो माझ्या ध्यानात आला नव्हता.

मग नर्सिंगच्या एका मुलीने विचारलं, “कार्बोलिक वगळलं ते चूक की बरोबर?” हा प्रश्न चांगला होता आणि त्याचं उत्तर मी नीट दिलं. उष्णतेने प्लेगचे जंतू मरत होते, म्हणून लस तयार करताना कार्बोलिकची गरज नव्हती, ही त्यांची समजूत शास्त्राला धरून होती. पण बाटली प्रयोगशाळेत उघडायची नव्हती. ती खेड्यात, उघड्यावर, धुळीत उघडायची होती. कार्बोलिकने बीजाणू मारले असते असं नाही, पण त्या द्रवात बाहेरून शिरलेल्या जंतूला वाढणं अवघड गेलं असतं. लस परळला सुरक्षित होती, ती मुल्कोवालपर्यंत सुरक्षित राहील का याचा विचार मोहिमेच्या घाईत मागे पडला. हे उत्तर देताना मला कळत होतं की हे फलकावर असायला हवं होतं आणि नव्हतं.

त्यानंतर बोलणं माझ्या हातात राहिलं नाही आणि ते बरंच झालं. एका आशाताईंनी सांगितलं की टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवायला लोक कुरकुरतात, का बसवतो ते मात्र कोणी विचारत नाही. एका आजोबांनी लहानपणी देवी काढताना पळून जाऊन ज्वारीत लपल्याचं सांगितलं. पहिल्या रांगेत डॉक्टर मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होते.

रात्री

जेवणं झाल्यावर आम्ही पुन्हा दवाखान्यात जमलो. डॉक्टरांनी वहीतलं पान फाडून माझ्यासमोर ठेवलं. “फलक ठेवा. पण शेवटचा परिच्छेद माझा.”

त्यांनी साध्या मराठीत चार गोष्टी लिहिल्या होत्या. लसीच्या प्रत्येक बाटलीवर खेप क्रमांक असतो आणि कोणाला कुठली बाटली टोचली ते त्यावरून शोधता येतं. एकदा वापरल्यावर आपोआप निकामी होणारी सिरिंज आता वापरतात. टोचल्यानंतर काहीही त्रास झाला तरी तो वर कळवावा लागतो आणि त्याची चौकशी होते. आणि कुठल्याही माणसाला आपल्याला कोणती लस दिली हे विचारायचा हक्क आहे. ५३-एन हा क्रमांक नोंदलेला होता म्हणूनच १९ आणि ८८ वेगळे करता आले, हे वाक्यही त्यांचंच. मला ते सुचलं नव्हतं.

एका मुद्द्यावर मात्र आमचं जमलं नाही आणि अजूनही जमलेलं नाही. शाळेच्या सहली आल्या की या फलकापाशी सांगणारं माणूस उभं असलंच पाहिजे, नसेल तर पडदा ओढावा, असं डॉक्टरांचं म्हणणं. मला पडदा नको होता. पडदा दिसला की मुलं आधी तिथेच जाणार आणि मागे काय आहे याची गोष्ट स्वतः रचणार. सध्या पडदा नाही, शनिवार-रविवारी सांगणारं माणूस असतं. इतर दिवशी नसतं, ही उणीव आहे.

छापलेला फलक दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बदलणं शक्य नव्हतं. उद्घाटन झालं तेव्हा सहाव्या जागी हाताने लिहिलेला कार्डशीट होता, कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याच्या वळणदार अक्षरात. प्रमुख पाहुण्यांनी त्याबद्दल विचारलं तेव्हा डॉक्टरांनीच पुढे होऊन सगळं समजावून सांगितलं. त्यात दहा मिनिटं गेली आणि पुढचे सत्कार आटोपते घ्यावे लागले.

नव्या फलकाची सुरुवात हाफकिनपासून नाही, गावापासून होते: ‘३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल हे खेडं. प्लेगपासून जीव वाचावा म्हणून १०७ माणसं दंड उघडे करून रांगेत उभी राहिली. त्यांतली १९ या टोचणीने गेली.’ त्यानंतर बाटली, चिमटा, चौकशी, चार वर्षं कपाटात राहिलेले कागद आणि हाफकिनवर आलेला ठपका, याच क्रमाने. मदतनिसाचं नाव काढलं, त्याचं काम ठेवलं. शीर्षक आता नुसतं ‘मुल्कोवाल’.

आठ-दहा दिवसांनी सिस्टर एक जड पिशवी घेऊन आल्या. आत त्यांच्या उपकेंद्रातलं जुनं निर्जंतुकीकरणाचं भांडं होतं, प्रेशर कुकरसारखं दिसणारं. १९८५मध्ये लसीकरणाचा सार्वत्रिक कार्यक्रम सुरू झाला तेव्हा काचेच्या सिरिंजा आणि सुया यातच वाफेवर निर्जंतुक करून घ्यायच्या. केव्हाच निकामी ठरवून अडगळीत टाकलेलं ते भांडं त्यांनी रीतसर मागून आणलं होतं. झाकण उघडून त्यांनी आतली जाळी दाखवली, सुया कुठे आणि सिरिंजा कुठे ठेवायच्या ते सांगितलं. वाफ किती वेळ द्यायची हे त्यांना अजून घड्याळाशिवाय येतं. जाळीखाली फडक्यात गुंडाळलेले दोन चिमटे होते.

“दोन्ही ठेवा,” त्या म्हणाल्या. “एकच ठेवाल.”

ते दोन्ही आता सहाव्या फलकाखालच्या कपाटात शेजारी शेजारी आहेत. चिठ्ठीवरची ओळ त्यांनीच सांगितली तशी लिहिली आहे: ‘पडला तर हा बाजूला ठेवायचा आणि हा घ्यायचा.’